आई किंवा बाबा गेल्यावर मुलाला कसं सांभाळायचं: कोकणातल्या घरांसाठी

कोकणातल्या कितीतरी घरांत वडील एरवीही नसतातच. ते मुंबईला, ठाण्याला, नालासोपाऱ्याला असतात. रोज फोनवर भेटतात आणि गणपतीला, शिमग्याला, मे महिन्यात घरी येतात. अशा घरातले वडील वारले की मोठ्यांचं जग त्याच रात्री उलटंपालटं होतं. मुलाच्या रोजच्या दिवसात मात्र वरवर काहीच बदलत नाही. तीच शाळा, तीच आई, तीच आजी. मग तेराव्याला आलेली माणसं म्हणतात, "पोर बघा कसं खेळतंय, त्याला काय कळतंय!" पुढे भाद्रपदात एसटीच्या जादा गाड्या सुरू होतात, वाडीतल्या बाकीच्या मुलांचे बाप बॅगा घेऊन उतरतात आणि हे पोर तापाने फणफणतं, नाहीतर कुणाला तरी चावतं. तोवर घरातल्यांना वाटत असतं की पोर सावरलं.

हा लेख मागे राहिलेल्या पालकासाठी आहे, आणि त्याच्या आसपासच्या आजी, काका, मावशी, शेजारी, शिक्षक यांच्यासाठीही. मूल या धक्क्यातून कसं बाहेर येईल, हे मृत्यू कसा झाला यावर थोडंफार अवलंबून असतंच. पण त्याहून जास्त ते पुढच्या महिन्यांत घरातलं मोठं माणूस त्याच्याशी कसं वागतं यावर अवलंबून असतं. बॉस्टनच्या परिसरात विल्यम वर्डेन आणि फिलिस सिल्व्हरमन यांनी ७० कुटुंबांतल्या १२५ शाळकरी मुलांचा आई किंवा वडील वारल्यावर दोन वर्षं पाठपुरावा केला. त्यांना दिसलेली मुख्य गोष्ट हीच होती: मागे राहिलेला पालक सावरत असेल तर मूल सावरतं. अमेरिकेतल्याच ॲरिझोना स्टेट विद्यापीठातल्या अर्विन सँडलर आणि सहकाऱ्यांनी त्यापुढचं पाऊल टाकलं. त्यांनी अशा पालकांना मुलांशी कसं वागायचं याचं रीतसर शिक्षण दिलं, मुलांचेही वेगळे गट घेतले आणि त्यांच्याकडे पुढची १५ वर्षं लक्ष ठेवलं. शिक्षण मिळालेल्या घरांतल्या मुलांना मोठेपणी नैराश्याने कमी गाठलं. शिकवलेलं काही अवघड नव्हतं. त्यातलं बरंचसं खाली येईलच.

आधी सांगायचं कसं

मुंबईत मृत्यू झाला की गावी फोन येतो आणि अँब्युलन्स रात्रभर महामार्गावरून येत असते. या मधल्या आठ-दहा तासांत मुलाला शेजारच्या घरी झोपायला पाठवायचा रिवाज आहे. सकाळी ते उठून येतं तर अंगणात माणसं, मध्ये बाप, आणि आई ओळखू न येण्याइतकी रडवेली. हे टाळा. अँब्युलन्स दारात यायच्या आत मुलाला माहीत असलं पाहिजे.

सांगायचं शक्यतो आईने. तिला बोलवतच नसेल तर ज्याच्या कुशीत मूल झोपतं त्या माणसाने, पण आई त्याच खोलीत असताना. वाक्यं लहान ठेवा. उदाहरणार्थ: "एक खूप वाईट गोष्ट सांगायची आहे. बाबा वारले. त्यांच्या हृदयाचं काम थांबलं. डॉक्टरांनी खूप प्रयत्न केले, पण ते पुन्हा सुरू झालं नाही. बाबा आता बोलणार नाहीत, जेवणार नाहीत, परत येणार नाहीत. हे तुझ्या कशामुळेही झालेलं नाही. मी इथेच आहे." घरात मालवणी बोलत असाल तर मालवणीतच सांगा: "बाबा आता परत येवचे नाय." अशा वेळी पुस्तकी भाषा मुलाला परकी वाटते.

"बाबा मुंबईला गेलेत" हे तर चुकूनही नको. इतर ठिकाणी ही एक थाप ठरते; आपल्याकडे मुलाला ती खरीच वाटते, आणि ते गणपतीपर्यंत वाट बघतं. "झोपले" म्हटलं की मूल झोपायला घाबरतं. "देवाला चांगली माणसं आवडतात" म्हटलं की चांगलं वागण्यात धोका आहे असा अर्थ निघतो. "आजारी होते" एवढंच सांगितलं तर आईला सर्दी झाली तरी त्याच्या पोटात गोळा येतो. म्हणून आजाराचं नाव घ्या आणि साधा ताप वेगळा, हा आजार वेगळा, हेही सांगा. देवाघरी गेले असं म्हणायची तुमच्या घरची रीत असेल तर जरूर म्हणा, पण "वारले, शरीर थांबलं" हे सांगून झाल्यावर.

पाच वर्षांखालच्या मुलाला मृत्यू कायमचा असतो हे समजत नाही. ते सगळं ऐकून घेईल आणि संध्याकाळी विचारेल, "बाबा कधी येतले?" साधारण पाच ते सात वर्षांच्या दरम्यान ही समज पक्की होते. तोवर तोच प्रश्न वीस वेळा येणार आणि वीस वेळा तेच, त्याच शब्दांत उत्तर द्यायचं. उत्तर बदललं की मुलाला वाटतं अजून काहीतरी शिल्लक आहे. आठ-नऊ वर्षांची मुलं तपशील विचारतात: रक्त आलं का, दुखलं का, जाळल्यावर काय होतं. हा आगाऊपणा नसतो. चौदा-पंधरा वर्षांचं मूल काहीच विचारत नाही, कानात हेडफोन घालून बसतं; त्याला कळत नाही असं नाही, त्याला तुम्हाला रडवायचं नसतं.

"तुझ्यामुळे झालं नाही" हे वाक्य मुलाने विचारलेलं नसलं तरी बोला. आदल्या दिवशी फोनवर "मला नाही बोलायचं तुमच्याशी" म्हणालेलं मूल हे मनात वर्षानुवर्षं धरून बसतं.

दारूने किंवा आत्महत्येने मृत्यू झाला असेल तर घरची पहिली धाव लपवण्याकडे असते. पण वाडीत लपत काही नाही, आणि शाळेच्या वाटेवर दुसऱ्या पोराच्या तोंडून ते कळणं सगळ्यात वाईट. वयाला झेपेल इतकं, घरातच सांगा: "बाबांच्या मनाला आजार झाला होता. त्या आजारात त्यांनी स्वतःचा जीव संपवला. त्यांचं तुझ्यावर प्रेम होतं, पण आजार मोठा होता." कसा संपवला याचं वर्णन करत बसायची गरज नाही. लोकांना काय सांगायचं, तेही मुलाबरोबर ठरवून ठेवा.

स्मशान, दहावा आणि कावळा

मुलाला अंत्यदर्शन घ्यायचं असेल तर घेऊ द्या, नको असेल तर ओढू नका. आधी काय दिसेल ते सांगा: अंग थंड असेल, नाकात कापूस असेल, बायका मोठ्याने रडतील. विधीच्या धावपळीत नसलेला एक माणूस फक्त या मुलासाठी नेमा. मूल "चला" म्हणालं की त्याने त्याला बाहेर न्यायचं. मुलगी स्मशानात यायचं म्हणत असेल तर "मुलींनी यायचं नसतं" हे त्या दिवशी तिला ऐकवू नका.

नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या हाताने अग्नी द्यायचा असेल तर त्याला आदल्या तासात शांतपणे सांगा की हातात काय देतील, कुठे लावायचं, काका हात धरतील. नको म्हणाला तर काकांनी द्यावा. मुलावर असा प्रसंग लादून कुठलंही पुण्य मिळत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

दहाव्याला काय होतं ते पाहा. नदीकाठी पिंड ठेवलेला असतो, माणसं लांब उभी असतात, कावळा फांदीवर बसतो आणि खाली येत नाही. मग एकेक जण हात जोडून पुढे होतो: "बायकोला बघू आम्ही." "कर्ज फेडू." "घर पुरं करू." कावळा हलत नाही. मग कोणीतरी मुलाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला पुढे करतं: "तुझ्यात जीव अडकलाय रे त्यांचा. सांग, नीट अभ्यास करीन." पोर थरथरत सांगतं. तेवढ्यात कावळा आला तर ते वचन त्याच्या मानेवर बसतं, आणि नाही आला तर आपल्या वचनावर बाबांचा विश्वास नाही असं त्याला वाटतं. म्हणून मुलाला आधीच सांगून ठेवा की कावळा भूक असली, माणसं लांब गेली, की येतो. कधी येत नाही, मग दर्भाचा कावळा करून शिववतात. बाबा कोणावर रागावलेले नाहीत. आणि मुलाकडून वचन मागायचं नाही, हे काका लोकांना आदल्या रात्रीच बजावा.

बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र तोडणं हे अजून काही ठिकाणी मुलांच्या डोळ्यांदेखत होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. तुमच्या गावचं काहीही ठरलेलं असो, मुलाच्या बाजूने बघा: बाप गेल्याच्या दिवशीच आईला चार बायका धरून तिच्या हातावर दगड मारताना ते पाहतं, आणि आता आईचंही काहीतरी होणार हा धसका घेतं. घरातल्या एका वडीलधाऱ्या बाईने "आमच्याकडे हे होणार नाही" म्हटलं की बहुतेक वेळा कोणी पुढे बोलत नाही.

चौदाव्या दिवसाची तयारी

तेरा दिवस घर भरलेलं असतं. पिठलंभात शेजारून येतो, पोरांना चुलत भावंडं खेळायला असतात. चौदाव्या दिवशी सगळे चाकरमानी परत जातात आणि ओटी एकदम मोकळी होते. मदतीची खरी गरज तेव्हापासून.

नातेवाइकांना काही करायचं असेल तर मुलाला खाऊ आणण्यापेक्षा आईचं काम हलकं करा. तलाठ्याकडे, बँकेत कोण जाणार, कलमांची फवारणी कोण बघणार, शेताचं काय, हे लिहून वाटून घ्या. आठवड्याचे दोन दिवस कोणीतरी रात्रीचं जेवण द्या. असे दोन मोकळे तास मिळाले की आई मुलाजवळ बसू शकते. तेच तिला कोणी देत नाही.

आणि निरोप घेताना "आता तूच घरचा कर्ता, आईला सांभाळ" हे वाक्य गिळून टाका. दहा वर्षांच्या मुलाला ते खरं वाटतं. तो रात्री दाराची कडी तीनदा तपासतो, आईच्या श्वासाकडे कान लावून जागा राहतो आणि आपलं रडू कायमचं बंद करतो. त्याऐवजी म्हणा, "आईला सांभाळायला आम्ही मोठे आहोत. तू शाळेत जा, खेळ."

माया आणि शिस्त

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो, आणि सगळ्यात जास्त गडबडही इथेच होते. बाप गेलेल्या घरात एक तर शिस्त सुटते, नाहीतर मायेला ओहोटी लागते. ॲरिझोनातल्या पालकांना या दोन्ही गोष्टी एकत्र धरायला शिकवलं होतं.

आधी दिवसाची घडी बसवा. उठणं, शाळा, जेवण, अभ्यास, झोप यांच्या वेळा पूर्वीच्याच ठेवा. सुतकात शाळा चालते. सुतक देवकार्याला असतं, गणिताच्या तासाला नसतं. चार-पाच दिवसांनी मूल जायला तयार असेल तर पाठवा. घरातलं सगळं बदललेलं असताना मंगळवारी चित्रकलेचा तास आहे ही गोष्ट मुलाला फार धीर देते.

मग रोज १५ मिनिटं त्या एकट्या मुलासाठी काढा. दोन मुलं असतील तर दोघांना वेगवेगळी. फोन आत ठेवा. काय करायचं ते मूल ठरवेल: कॅरम, गुरांना पाणी दाखवणं, खळ्यात बसून नुसतं कोकम फोडणं. या वेळेत उपदेश नाही, अभ्यासाची चौकशी नाही, बाबांचा विषयही तुमच्याकडून नाही. मूल बहुधा कामात हात गुंतलेले असतानाच बोलतं, समोर बसवून विचारलं की गप्प होतं.

बोललं की ऐकायचं कसं? समजा मुलगा म्हणाला, "मला शाळेत नाय जायचं." सवयीने तोंडात येतं, "बाबांना काय वाटेल?" तिथेच संभाषण संपतं. त्याऐवजी एवढंच म्हणा, "नको वाटतंय?" आणि थांबा. थोड्या वेळाने येतं, "सगळे विचारतात." "काय विचारतात?" "तुझा बापूस कसा मेला म्हणून." आता खरं दुखणं हाताला लागलं. यावर बाईंशी बोलता येतं, मुलाला एक ठरलेलं उत्तर शिकवता येतं: "मला आता त्याबद्दल बोलायचं नाही." पहिल्याच वाक्याला धाक घातला असता तर हे कळलं नसतं.

मूल काही चांगलं करताना दिसलं की त्याच क्षणी नाव घेऊन सांगा. "शहाणा आहेस" नव्हे, "धाकटीला डबा भरून दिलास, मला बरं वाटलं." दुःखाच्या घरात चुकाच तेवढ्या दिसतात, म्हणून हे मुद्दाम करावं लागतं.

शिस्तीचं सांगायचं तर आजीला हात जोडावे लागतात. "बिनबापाचं पोर गो, मारू नको, ओरडू नको" म्हणत ती कनवटीचे दहा रुपये काढून देते, जेवणाऐवजी कुरकुरे चालतात, रात्री अकरापर्यंत मोबाइल चालतो. तिचा मुलगा गेलाय, तिची माया समजण्यासारखी आहे. पण नियम अचानक नाहीसे झाले की मुलाला मोकळं वाटत नाही. घर सांभाळणारं आता कोणी नाही असं वाटतं, आणि ते मुद्दाम जास्त त्रास देऊन कोणी अडवतंय का ते बघतं. तीन-चारच नियम ठेवा, पण आई, आजी, काका सगळ्यांचे सारखे: झोपायची वेळ, मोबाइलची वेळ, मोठ्यांना न सांगता खाडीवर किंवा विहिरीवर जायचं नाही, कोणाला मारायचं नाही. मोडला तर लहानशी, आधी सांगितलेली शिक्षा. उद्या मोबाइल नाही, एवढीच. मारहाण नको, मारणाऱ्या हाताचंही आधीच दुखत असतं आणि मार प्रमाणाबाहेर जातो. आणि "बाबा वरून बघतायत हां" हे धाक म्हणून वापरू नका. गेलेल्या माणसाला पहारेकरी केलं की मूल त्याची आठवण काढायचं सोडून देतं.

एका वेळी एकच बदल, हाही शिस्तीचाच भाग समजा. दिवस होताच "पोरांना मामाकडे ठेवा, हिला मुंबईला न्या" असे बेत सुरू होतात. गाव सोडणं अगदीच टाळता येत नसेल तर शाळेचं वर्ष संपेपर्यंत थांबा, मे महिन्यात जा. भावंडांची ताटातूट करू नका. त्यांच्याकडे एकमेकांशिवाय दुसरं कोणी आता फारसं नाही. कर्ज, वाटण्या, दीर-जावांची भांडणं मुलांच्या कानाआड ठेवा. मात्र "आपण राहायचं कुठे, जेवायचं काय" याचं उत्तर त्यांना सरळ द्या, कारण तो प्रश्न त्यांच्या मनात असतोच.

आई गेली आणि बाबा राहिले तर

बॉस्टनच्या अभ्यासात आई गेलेल्या घरांत मुलांचा रोजचा दिवस जास्त विस्कटलेला दिसला. आपल्याकडे तर दिसतोच. बाबा मुंबईला, मुलं आजीजवळ, आणि बारा वर्षांच्या मुलीच्या हातात भाकरीची परात. तिने घरकाम करू नये असं नाही. काम सगळीच मुलं करतात. पण धाकट्याला उठवणं, भरवणं, त्याचा ताप बघणं ही जबाबदारी तिची होऊ देऊ नका, आणि मुलगा असेल तर त्यालाही परात द्या.

दूर असलेल्या बाबांनी रोज ठरल्या वेळेला फोन करावा, पाच मिनिटं का होईना, आणि "अभ्यास झाला का" सोडून काहीतरी बोलावं. येण्याच्या तारखा आधी सांगाव्यात, भिंतीवरच्या कालनिर्णयवर मुलाकडून खूण करून घ्यावी आणि पाळाव्यात. पाळता येणार नसेल तर तारीख देऊच नका. दुसरं लग्न ठरत असेल तर मुलांना बाहेरून कळायच्या आत सांगा. आईचा फोटो भिंतीवरून काढू नका. "हिला आई म्हण" अशी सक्ती करू नका. काय म्हणायचं ते मूल आपल्या वेळेने ठरवतं.

तुमचं स्वतःचं रडू

मुलांसमोर रडलं तर चालतं. चालतं कशाला, बरंच असतं. नाहीतर रडणं ही चोरून करायची गोष्ट आहे असं त्यांना वाटतं. फक्त सोबत एक वाक्य हवं: "बाबांची आठवण आली म्हणून रडतेय. थोड्या वेळाने बरी होईन, मग आपण जेवू." आणि खरंच उठून जेवण वाढा. रडणं आणि नंतर जेवण, हा क्रम मुलाने बघितला पाहिजे.

रात्रीचं मन मोकळं करायला मात्र मोठं माणूस शोधा. "आता कसं होणार, मी जगू कशाला" हे मुलाच्या कानावर पडू नये. बहीण, मैत्रीण, बचत गटातली एखादी, कोणीही चालेल. दोन-तीन महिने झाले तरी झोप नाही, जेवण जात नाही, मुलं समोर असूनही दिसत नाहीत असं होत असेल तर ते अंगावर काढू नका. तुम्हाला औषध मिळालं तर त्याचा गुण मुलालाही येतो.

फोटो, आवाज, सण

"विसरून जा, पुढे बघ" हा सल्ला फार जुना आणि चुकीचा आहे. मुलं गेलेल्या पालकाशी नातं तोडत नाहीत, निराळ्या रूपात चालू ठेवतात. आपल्या परंपरेला हे नवीन नाही. पितृपक्षात पान वाढतोच की आपण. मुलाला त्या पानावर बाबांच्या आवडीचं काहीतरी स्वतःच्या हाताने वाढू द्या.

एक काम आजच करा. बाबांच्या फोनमधले व्हॉट्सॲपचे आवाजी निरोप, फोटो, व्हिडिओ दुसरीकडे उतरवून ठेवा. रिचार्ज संपतो, नंबर दुसऱ्याला जातो, फोन कोणीतरी विकून टाकतं. मग "बाळग्या, जेवलास काय" हा सात सेकंदांचा आवाज कुठेच सापडत नाही. बाबांचा एखादा शर्ट, घड्याळ, मासे साफ करायची सुरी मुलाला निवडून घेऊ द्या. सगळं एका दिवसात वाटून टाकू नका.

पहिले सण अवघड जातात. त्या वर्षी गणपती आणायचा की नाही ते घराण्याच्या रीतीने ठरेल, पण मुलाला पंधरा दिवस आधी सांगा: "यंदा मखर काका करतील. बाबांची आठवण येईल. नको वाटलं तर सांग, आपण मागच्या पडवीत बसू." भजनाला जाऊन मूल हसलं, नाचलं तर कोणी डोळे वटारू नयेत. मुलांचं दुःख सलग नसतं; ती रडता रडता उठून पतंग उडवतात आणि तासाभराने पुन्हा रडतात. वाढदिवस, वर्षश्राद्ध, दहावीचा निकाल, पुढे लग्न, अशा दिवशी ते वर्षांनीही वर येतं.

समुद्रातून जे परतले नाहीत

हर्णै, देवगड, मालवण, कुठल्याही बंदरावर एखादं तरी घर असतं जिथे माणूस होडीवर गेला आणि हाताला काहीच लागलं नाही. अशा दुःखाचा अभ्यास अमेरिकेत पॉलीन बॉस यांनी केला. त्यांनी सुरुवातीला बेपत्ता सैनिकांची कुटुंबं पाहिली होती. तिथे ना सुतक धरता येतं, ना वाट बघणं सोडता येतं.

मुलाला माहीत असेल तेवढंच आणि खरं सांगा: "होडी बुडाली. खूप दिवस शोधलं. बाबा सापडले नाहीत. आम्हाला वाटतं ते वारले. पण आम्ही त्यांना पाहिलेलं नाही, म्हणून मनात येतं की येतील. तुझ्याही मनात दोन्ही येईल, चालेल." आई कुंकू लावत असेल आणि आजी श्राद्ध करू म्हणत असेल तर मुलासमोर त्यावरून भांडू नका; दोघींचंही म्हणणं त्याला समजू शकतं. कुठल्या किनाऱ्याला लागले असतील अशा गजाली सांगणाऱ्यांना दारातच थांबवा.

पुढच्या नारळी पौर्णिमेनंतर काका पुन्हा समुद्रावर जाणार, तेव्हा मुलाची झोप उडणार. त्याला होडीवर नेऊन लाइफ जॅकेट, वायरलेस दाखवा, परतीची अंदाजे वेळ सांगा. कायद्याने बेपत्ता माणूस मृत मानायला साधारण सात वर्षं लागतात, त्यामुळे पोलिसातली नोंद आणि मत्स्यव्यवसाय विभागाकडची कागदपत्रं पहिल्या दिवसापासून जपा. नोंदणीकृत मच्छीमारांच्या अपघात विम्यात मृत्यूला पाच लाख रुपयांची तरतूद आहे.

शाळा आणि कागद

मूल परत शाळेत यायच्या आदल्या दिवशी कोणीतरी वर्गशिक्षकांना भेटा. त्यांनी वर्गाला आधीच सांगावं, मुलाला उभं करून सांत्वन करू नये, रडू आलं तर बाहेर जायची खूण ठरवून द्यावी. मार्क काही महिने घसरतील. "वडिलांचा व्यवसाय" या निबंधाच्या दिवशी शिक्षकांनी थोडं भान ठेवलं तरी पुष्कळ.

पैशाची घालमेल आईची सगळी शक्ती खाते, म्हणून हेही या लेखात. मृत्यूची नोंद २१ दिवसांत करा. पासबुकात वर्षाला ४३६ किंवा २० रुपयांची कपात दिसते का बघा. पहिली पंतप्रधान जीवन ज्योती या आयुर्विम्याची, दुसरी पंतप्रधान सुरक्षा या अपघात विम्याची, दोन्हींत दोन लाखांपर्यंत मिळतात. दारिद्र्यरेषेखालच्या घरातला कमावता माणूस १८ ते ५९ या वयात गेला असेल तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेतून एकरकमी २०,००० रुपये आणि विधवेसाठी संजय गांधी निराधार योजनेचं अनुदान, दोन्हींची चौकशी तहसील कार्यालयात होते. मुलांसाठी महिला व बाल विकास विभागाची बाल संगोपन योजना आहे. तीत महिन्याला २,२५० रुपये मिळतात. अर्जासाठी मुलाला पाचवेळा रांगेत उभं करू नका.

कधी बाहेरची मदत घ्यायची

सुरुवातीला अंथरूण ओलं होणं, पोट दुखणं, आईला चिकटून राहणं, चिडणं हे होतंच. सहा महिन्यांनंतरही शाळा बंदच असेल, मूल सतत स्वतःला दोष देत असेल, मित्र पूर्ण तुटले असतील, वजन उतरत असेल, तर डॉक्टर गाठा. "मला बाबांकडे जायचंय" असं लहान मूल आठवणीनेही म्हणतं. पण मोठं मूल म्हणत असेल, स्वतःला इजा करत असेल, दारू-गुटख्याकडे वळलं असेल तर त्याच दिवशी. घरातली कीटकनाशकं तोवर कुलपात ठेवा.

मानसिक त्रासासाठीच्या टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. मूल संकटात असेल तर १०९८. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी असते. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालयही आहे, पण त्या पाटीखालून मुलाला न्यायचं म्हटलं की घरचे मागे सरतात. तसं वाटत असेल तर आधी जिल्हा रुग्णालयात जा, नाव कुठलंही असो, उपचार चुकवू नका. फोनवर काय बोलायचं सुचत नसेल तर एवढं म्हणा: "घरात अमुक महिन्यांपूर्वी मृत्यू झाला, मूल इतक्या वर्षांचं आहे, आणि ते आता असं वागतंय." पहिल्या भेटीला मूल यायला तयार नसेल तर आईने किंवा बाबांनी एकट्याने गेलं तरी चालतं, डॉक्टरांना आधी तुमच्याशीच बोलायचं असतं.